गव्हर्नर : यंत्रातला आणि राज्यघटनेतला



"राष्ट्रपती नेमकं करतात काय?" असं हॉस्टेलच्या मेसमध्ये विचारलं, तर साधारण दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, "काही नाही गं, सही करतात. रबर स्टॅम्प!" दुसरं, "तिथे खमका माणूस पाहिजे. सरकारला सरळ करणारा. कलामसरांसारखा." वरण गार होईपर्यंत वाद चालतो आणि दोन्ही पार्ट्या आपापली ताटं घेऊन उठतात.

माझ्या मते ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. राष्ट्रप्रमुखाला स्वातंत्र्य असतं की नसतं, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. ते किती असावं, कशासाठी असावं आणि त्यावर लक्ष कोणी ठेवावं, हे पाहावं लागतं. आपल्या मराठवाड्याने तर याचे सगळे प्रकार स्वतः अनुभवलेले आहेत. म्हणून हा लेख.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे संसदीय पद्धत आहे. तिच्यात सरकारचा प्रमुख वेगळा आणि राष्ट्राचा प्रमुख वेगळा. पंतप्रधान सरकार चालवतात, राष्ट्रपती राष्ट्राचे प्रमुख असतात. राज्यात हीच जोडी मुख्यमंत्री आणि राज्यपाल अशी असते. अमेरिकेत दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात, म्हणून त्यांचा प्रेसिडेंट आणि आपले राष्ट्रपती यांची तुलना जमत नाही.

यंत्रातला गव्हर्नर

राज्यपालांना इंग्रजीत गव्हर्नर म्हणतात आणि मेकॅनिकलवाल्यांना 'थिअरी ऑफ मशीन्स'मध्येही एक गव्हर्नर भेटतो. बाकीच्या ब्रँचसाठी थोडक्यात सांगते. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर तो बसवला. फिरणाऱ्या उभ्या दांड्याला दोन गोळे टांगलेले असतात. लोड कमी झाला की इंजिनाचा वेग वाढतो, गोळे बाहेर फेकले जातात, दांड्यावरची स्लीव्ह वर सरकते आणि वाफेचा व्हॉल्व्ह थोडा बंद होतो. वेग उतरला की बरोबर याच्या उलट घडतं.

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, गव्हर्नर इंजिन चालवत नाही. शक्ती वाफेची असते. दोन, लोड स्थिर असताना त्याचं काम डोळ्यांना दिसतच नाही. लोड अचानक बदलला की मगच कळतं तो चांगला आहे की नाही. तीन, तो दोन उलट प्रकारांनी बिघडतो. घर्षण फार असेल तर स्लीव्ह हलत नाही आणि गव्हर्नर असून नसल्यासारखा होतो. उलट तो गरजेपेक्षा जास्त सेन्सिटिव्ह असेल तर जराशा बदलाने उड्या मारतो आणि इंजिनाचा वेग सारखा वर-खाली होत राहतो. याला 'हंटिंग' म्हणतात.

मेसमधला रबर स्टॅम्प म्हणजे अडकलेली स्लीव्ह आणि सरकारला रोज सरळ करणारा खमका माणूस म्हणजे हंटिंग. घटनाकारांना या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं.

अर्थात ही तुलना एका ठिकाणी तुटते. यंत्रातल्या गव्हर्नरला पक्ष नसतो आणि त्याची नेमणूक इंजिन करत नाही. हा मुद्दा पुढे येणार आहे.

पूर्ण 'स्वतंत्र' प्रमुख आपण पाहिला आहे

परभणी जिल्ह्यातलं चुडावा हे माझं आजोळ. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं छोटं रेल्वे स्टेशन. इथल्या ज्या माणसाचा जन्म १९२० च्या आसपास झाला, त्याने राष्ट्रप्रमुख आणि राज्यप्रमुख यांचे किती प्रकार पाहिले असतील ते मोजा.

१९११ पासून हैदराबादच्या गादीवर मीर उस्मान अली खान हा सातवा निजाम होता. त्याच्या वर इंग्रज होते, पण प्रजेला उत्तर देण्याचं बंधन त्याच्यावर नव्हतं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती १९४६ पर्यंत राहिली. इंग्रज जाणार हे ठरल्यावर जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढून हैदराबाद स्वतंत्र राहील असं जाहीर केलं. कागदावर पाहिलं तर एवढा 'स्वतंत्र' प्रमुख दुसरा सापडणार नाही. ना वर कोणी, ना खाली कोणी विचारणारं. त्या काळात रझाकारांनी काय केलं आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक कसे लढले, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली. आमच्या घरात आजही कोणी हट्टाने आपलंच खरं करायला लागलं, की आजोबा विचारतात, "काय निजामशाही लावली का?"

पुढचा भाग मात्र आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतो. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याच निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादसाठी स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० पासून तो हैदराबाद राज्याचा 'राजप्रमुख' झाला. राजप्रमुख म्हणजे त्या काळच्या काही राज्यांतला राज्यपालाच्या बरोबरीचा घटनात्मक प्रमुख. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर बुर्गुला रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. म्हणजे माणूस तोच, शहर तेच, पण आता राज्यकारभाराचा निर्णय निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा आणि त्याखाली नाव राजप्रमुखाचं. ज्याचं फर्मान हाच कायदा होता, तो कायद्याच्या आत आला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. राजप्रमुख हे पद रद्द झालं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्रात आहोत. महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश होते. ते कोणाचे वारस म्हणून आले नव्हते, नेमणुकीने आले होते.

यातून मी एक साधी गोष्ट शिकले. प्रमुख पूर्ण स्वतंत्र होता तेव्हा चुडाव्याचा माणूस प्रजा होता. प्रमुखाला नियमांनी बांधलं तेव्हा तो माणूस मतदार झाला. "राष्ट्रपतींना पूर्ण अधिकार द्या" असं म्हणण्याआधी आपण हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवायला पाहिजे.

'सल्ला' या शब्दाची गंमत

घटनेचं कलम ५३ म्हणतं की केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे आहे. एवढंच वाचलं तर वाटेल की देश राष्ट्रपतीच चालवतात. पण कलम ७४ सांगतं की त्यांना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे मी हे 'एड अँड अॅडव्हाइस' असं पाठ केलं होतं. घरात सल्ला म्हणजे ऐकला तर ऐकला, नाहीतर सोडून दिला. घटनेतला सल्ला तसा नाही. तो मानावाच लागतो.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना हे स्पष्ट केलं होतं. आपल्या राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं असेल, ते राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतील पण राज्य करणार नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

तरीही शंका राहिल्याच. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या वेळी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पंडित नेहरूंना कळवलं की या बिलाबाबत आपण स्वतःच्या विचाराने वागू इच्छितो. तेव्हाचे अॅटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड यांनी मत दिलं की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी तेच सांगितलं, राष्ट्रपतींबाबत आणि राज्यपालांबाबतही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते बंधन शब्दांत लिहिलं. नंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एक छोटी पण महत्त्वाची खिडकी उघडली. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. मंत्रिमंडळाने तोच सल्ला पुन्हा दिला तर मात्र मानायचा.

बिलांचंही असंच आहे. कलम १११ प्रमाणे धनविधेयक सोडून इतर बिल राष्ट्रपती एकदा संसदेकडे परत पाठवू शकतात. आणि कलम ७८ प्रमाणे कारभाराची माहिती राष्ट्रपतींना देणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य आहे. विचारणं, माहिती मागणं आणि एकदा "पुन्हा बघा" म्हणणं, एवढं स्वातंत्र्य उरतं. ऐकायला कमी वाटतं. आता ते वापरलं किंवा वापरलं नाही तर काय होतं ते पाहू.

चार प्रसंग

पहिला, २५ जून १९७५ ची रात्र. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. म्हणजे आधी सही आणि मग मंत्रिमंडळ. "मंत्रिमंडळाचा निर्णय कुठे आहे?" एवढा एक प्रश्न त्या रात्री महत्त्वाचा होता. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने हा प्रश्न कायद्यातच घातला. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही.

दुसरा, ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. केंद्रीय मंत्रिमंडळाने विचार बदलला. आदेश नाही, भांडण नाही, पण एक राज्य सरकार वाचलं.

तिसरा आणि चौथा प्रसंग आपल्या सगळ्यांच्या लाडक्या कलामसरांचे. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस त्यांच्याकडे गेली आणि त्यांनी तिथूनच संमती दिली. पुढे सुप्रीम कोर्टाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. एक वर्षानंतर, मे २००६ मध्ये, लाभाच्या पदाविषयीचं बिल त्यांनी संसदेकडे परत पाठवलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि नियमाप्रमाणे त्यांनी सही केली. पण मधल्या काळात देशभर चर्चा झाली. माणूस तोच, एकदा स्लीव्ह हलली नाही, एकदा हलली. म्हणून नुसतं "खमका माणूस पाहिजे" म्हणून भागत नाही. पद्धतही तशी पाहिजे, जी घाईच्या रात्रीसुद्धा प्रश्न विचारायला भाग पाडेल.

राज्यपालांची अडचण

आता यंत्राच्या तुलनेत राहिलेला मुद्दा. राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडून देतात आणि त्यांना हटवायला महाभियोग लागतो, म्हणजे दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं. राज्यपाल मात्र केंद्राच्या सल्ल्याने नेमले जातात आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात. २०१० मध्ये बी. पी. सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केवळ केंद्रात सरकार बदललं म्हणून राज्यपालांना मनमानीने काढता येणार नाही. तरी मूळ रचना तशीच आहे. म्हणून दिल्लीत एक पक्ष आणि राज्यात दुसरा असला की राज्यपालांच्या प्रत्येक हालचालीवर संशय येतो.

महाराष्ट्राने हे जवळून पाहिलं. १२ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती, पंतप्रधानांचा विशेषाधिकाराचा नियम वापरला गेला होता. त्याच सकाळी नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. २६ तारखेला सुप्रीम कोर्टाने बहुमत सभागृहात सिद्ध करायला सांगितलं आणि ते सरकार त्याच दिवशी गेलं. नंतर विधान परिषदेवर १२ सदस्य नेमण्याची मंत्रिमंडळाची शिफारस नोव्हेंबर २०२० पासून पडून राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं की वाजवी वेळात निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. तरी निर्णय झाला नाही आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ती यादीच मागे घेतली गेली. त्याच वर्षीच्या जूनमधल्या सत्तांतराबद्दल सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ ला सांगितलं की बहुमत चाचणी घ्यायला लावणं योग्य नव्हतं, कारण सरकारने विश्वास गमावल्याचा ठोस आधार राज्यपालांसमोर नव्हता. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नव्हतं.

कोण बरोबर आणि कोण चूक याचा पक्षीय वाद इथे नको. आपण यंत्र पाहू. एकदा पहाटे अतिशय घाई झाली, एकदा पावणेदोन वर्षं काहीच हललं नाही. हंटिंग आणि घर्षण हे दोन्ही दोष एकाच राज्यात, तीन वर्षांच्या आत.

बिलांच्या बाबतीत हा प्रश्न तामिळनाडूतून पुढे आला. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपालांना मुदती घालून दिल्या. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिलं की कोर्टाने अशी ठरावीक मुदत घालणं बरोबर नाही, पण राज्यपालांना बिलावर कारण न देता बेमुदत बसूनही राहता येणार नाही.

मराठवाड्यासाठीचं कलम

आता असं कलम, जिथे राज्यपालांना खरोखर वेगळी जबाबदारी मिळते आणि ते थेट आपल्याबद्दल आहे. कलम ३७१(२). त्याप्रमाणे राष्ट्रपती आदेश काढून महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, विकासाच्या निधीचं न्याय्य वाटप, आणि तिसरी गोष्ट नीट वाचा, तांत्रिक शिक्षण, व्यावसायिक प्रशिक्षण आणि राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशा संधी. म्हणजे मराठवाड्यात पुरेशी इंजिनिअरिंगची कॉलेजं आणि आयटीआय असावीत, हा विषय साक्षात राज्यघटनेत आहे!

हे कलम १९५६ पासून होतं, पण कागदावरच. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने अनुशेष मोजला. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने मंडळासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. अखेर १९९४ मध्ये मंडळं स्थापन झाली. पुढे राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश काढले, सिंचनाच्या अनुशेषासाठी विशेष करून. तेव्हा आक्षेपही आला की बजेट हे निवडून आलेल्या विधिमंडळाचं काम, नेमलेल्या राज्यपालांनी त्यात का यावं?

आक्षेप बिनबुडाचा नाही. निजामाचा धडा विसरून चालणार नाही. पण इथे एक फरक आहे. या कलमाने दिलेलं स्वातंत्र्य अरुंद आहे. विषय लिहून दिलेला आहे आणि मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेसमोर ठेवायचा आहे. ज्या भागाचे आमदार संख्येने कमी, त्याचा आवाज बहुमताच्या गणितात बुडू नये म्हणून बसवलेला हा गव्हर्नर आहे, आणि त्याचा हिशेब परत लोकप्रतिनिधींकडेच जातो.

या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि तेव्हा ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. पण असा आदेश राष्ट्रपतींनी काढायचा असतो आणि राष्ट्रपती तो केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काढणार. म्हणजे राज्यपालांच्या या खास स्वातंत्र्याची किल्लीसुद्धा शेवटी निवडून आलेल्या सरकारकडेच आहे. आपण मागणी करायची तर तिथेच करावी लागेल.

थोडक्यात

राष्ट्रप्रमुख चांगलं काम करतो की नाही, हे तपासायला मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवले आहेत. त्याने जे विचारलं किंवा परत पाठवलं ते लेखी आणि कारणांसह होतं का? ते वेळेत होतं का? आणि शेवटचा शब्द निवडून आलेल्यांचाच राहिला का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर त्याचं स्वातंत्र्य लोकशाहीच्या कामाचं आहे. पहिल्याला 'नाही' असेल तर रबर स्टॅम्प. दुसऱ्याला 'नाही' असेल तर अडवणूक. आणि तिसऱ्याला 'नाही' असेल तर त्याचं नाव आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण आता मतदार झालो आहोत. राष्ट्रपतींना आपण थेट मत देत नाही, राज्यपालांना तर नाहीच. पण ज्या आमदार-खासदारांना आपण मत देतो, त्यांना ३७१(२) बद्दल विचारू शकतो. परभणीत, नांदेडात, जिथे ते प्रचाराला येतील तिथे. कलम लक्षात राहायला सोपं आहे. तीनशे एकाहत्तर, कंसात दोन.